नांगराची जागा

"काका, खाली नांगर नाहीये," पाण्यातून डोकं वर काढत उर्वी म्हणाली. "नुसती वाळू आहे."

सुलेमान होडीच्या काठावरून खाली वाकला. ताई, नीट बघा, म्हणाला. पूर्णगडचा बुरूज आणि मशिदीचा मिनार एका रेषेत आले की बरोबर खाली खडक, खडकाच्या फटीत नांगर. उर्वी पुन्हा बघून आली, तिचा नवरा वरदही बघून आला. दोघं पुण्याहून हौसेनं आलेले, त्यांना रंगीत मासे बघायचे होते. हा म्हातारा गंजक्या लोखंडासाठी का हटून बसलाय, ते त्यांना कळेना.

नांगर सुलेमानच्या बापाचा होता. नांगर समुद्रात सोडून घरी येणं म्हणजे इथल्या खलाश्यांत नाक कापलं जाणं. म्हणून तो फटीत अडकला तेव्हा सुलेमाननं आपल्या मुलाला, मुझम्मिलला, सोडवायला खाली धाडलं. दोर कापायला कोयता हाताशी होता, एका घावाचं काम. मुझम्मिल वर आला नाही. कुठल्या किनाऱ्यालाही लागला नाही. दोर शेवटी कापावाच लागला, पण तेव्हा कापून काय उपयोग?

पुढे हा किनारा राखीव झाला. जाळं बंद, नांगर बंद. होडी तरंगत्या पिंपाला बांधायची आणि लोकांना पाण्यात उतरवायचं, एवढंच काम उरलं. गावानं मुलासाठी गायबाना नमाज, मय्यत समोर नसताना पढतात ती, पढायचं सुचवलं, तेव्हा त्याची बायको कनीज कुणाचं ऐकेना. मुलाचा शेवटचा हात त्या नांगराला लागलाय, तो जागेवर आहे तोवर मुलगा गेला म्हणायचं नाही, एवढंच ती म्हणे. समुद्रानं माणूस परत दिला नाही, मग समुद्रातलं या घरात शिजायचं नाही, हेही तिनंच ठरवलं. मासळीवर वाढलेली माणसं डाळीवर आली. फेरीहून आल्यावर ती रोज एकच विचारी, आणि सुलेमान पर्यटकांनी बघितलेलं तिला सांगे. स्वतः त्यानं पाण्यात कधी डोकं घातलं नव्हतं. त्याची हिंमतच झाली नाही.

पावसाळ्यानंतरची आज पहिली फेरी. त्यानं वरदची डोळ्यांवरची काच मागून घेतली, नळी तोंडात धरली आणि तो पाण्यावर पालथा झाला. फट बुजली होती. पावसाळ्यानं सगळीकडे वाळू आणून ओतली होती, आणि तिच्यावरून बारके मासे मजेत फिरत होते. तो वर आला तेव्हा काचेच्या आत पाणी होतं. गळते वाटतं ही, असं वरद म्हणाला. सुलेमाननं मान हलवली आणि शीड चढवलं.

घरी पोचला तर कनीज दारातच उभी.

"दिसला?"

खोटं बोलावं असं वाटेतभर त्यानं ठरवलं होतं. तिच्याकडे बघितल्यावर ते जमलं नाही.

"नाय. वालूखाली गेला. मी सोता बगितला."

ती आत गेली. पान वाढलं, डाळ वाढली, पाण्याचा तांब्या ठेवला. मग चुलीकडे तोंड करून म्हणाली, "इमामसाबांना सांगा, जुम्म्याला नमाज पढा म्हणून."

"बरा."

"आनि येताना बांगडे आना."

सुलेमाननं डाळीत भात कालवला. तो कालवतच राहिला.