दहा सेकंदांची यादी

लॅपटॉप तिसऱ्यांदा सरळ जुन्याच सिस्टीममध्ये उघडला, तेव्हा नकाशेबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो बाईंचा लॅपटॉप, हेही आपलं म्हणण्यापुरतंच. सकाळी त्यावर मास्तर, म्हणजे त्यांचे यजमान, गणिताच्या शिकवण्या घेत. दुपारी तो बाईंच्या वाट्याला येई, तोही चार्जिंग संपत आलेला.

लग्नाआधी बाई एका नकाशा कार्यालयात होत्या. बारीक पेनाने नद्या, रस्ते, पायवाटा काढायच्या. पुढे संसार आला, आजारपणं आली, आणि नकाशे सुटून नाव तेवढं उरलं. आता इतक्या वर्षांनी त्याच कार्यालयाने विचारलं होतं: विमानातून काढलेल्या फोटोवरून एक गाव नकाशात उतरवून द्या. शुक्रवारी दुपारपर्यंत आलं आणि पसंत पडलं, तर घरबसल्या कायमची नोकरी. फक्त त्यांचा प्रोग्राम लॅपटॉपच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालत नव्हता. शेजारी दुसरी बसवायला हवी होती.

बाईंनी ती स्वतः बसवली. पेनड्राइव्ह तयार केला, मास्तरांच्या एकाही फायलीला धक्का न लावता डिस्कवर जागा काढली. लॅपटॉप चालू केला की काळ्या पडद्यावर यादी येऊ लागली: नवी की जुनी? दहा सेकंदांत काही निवडलं नाही, तर नवी उघडायची. बाई हरखून गेल्या. त्याच दुपारी जेवणाची भांडी तशीच ठेवून त्यांनी निम्मं गाव उतरवलं.

दुसऱ्या दिवशी यादी गायब! लॅपटॉप थेट जुन्या सिस्टीममध्ये. तिथून पाहावं, तर नव्या जागेपुढे नुसतं 'अनोळखी' लिहिलेलं. जिने एवढं गाव पोटात घेतलं, ती अनोळखी!

"बसलंच नसेल नीट," मास्तर वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले. "पुसून टाक आणि पुन्हा बसव."

बाईंनी पुसलं, पुन्हा बसवलं, आणि गाव पहिल्या विहिरीपासून पुन्हा काढलं. पुन्हा तेच झालं. मास्तरांनी पुन्हा तोच सल्ला दिला, वर "हे आपल्यासारख्यांचं काम नव्हे" असंही ऐकवलं. आपल्यासारख्यांचं म्हणजे कुणाचं, ते मात्र सांगितलं नाही. बाईंनी दात-ओठ खात तिसऱ्यांदा गाव काढायला घेतलं.

आणि आज गुरुवारी यादी परत नाहीशी झाली होती. बाईंनी पुसायला पेनड्राइव्ह लावलासुद्धा. मग काय वाटलं कोण जाणे, आधी कार्यालयाच्या मदतकेंद्राला फोन केला.

"थांबा, पुसू नका," पलीकडची मुलगी म्हणाली. "लॅपटॉप बंद करून चालू करा आणि एफ बाराचं बटण दाबत राहा."

बाईंनी दाबलं. दोन्ही सिस्टीमची नावं वरखाली उभी राहिली. नवी निवडली, आणि गाव उघडलं. नदीचं वळण, शाळा, विहिरी, सगळं जागच्या जागी. बाईंचे डोळे भरून आले आणि लगेच कोरडे झाले. म्हणजे आधीची दोन गावंही अशीच आत होती. धडधाकट होती. त्यांनी ती स्वतःच्या हाताने पुसली होती.

"फक्त कोणती आधी उघडायची, तो क्रम बदललाय," मुलगी सांगत होती. "अपडेटने होतं कधीकधी. सेटिंगमध्ये जाऊन नवी वर घ्या."

बाई सेटिंगमध्ये गेल्या. पडद्याने पासवर्ड मागितला.

"मी नाही हो ठेवला पासवर्ड."

"मग घरात दुसऱ्या कुणीतरी ठेवलाय. अपडेट पासवर्ड ठेवत नाही."

मास्तर बाहेरच्या खोलीत लाल पेनाने पेपर तपासत होते. बाईंनी आवाज साधा ठेवून विचारलं, "अहो, त्या सेटिंगचा पासवर्ड काय?"

"आपल्या स्कूटरचा नंबर," मास्तर म्हणाले. मग पेन थांबलं.

"तुम्ही बदलत होतात क्रम?"

"अगं, वर्गाच्या वेळी ती काळी यादी यायची. दहा सेकंद ताटकळायचं. एकदा मी निवडायचं विसरलो, भलतंच उघडलं, समोर बसलेली पोरं हसली. दोनदा नीट केलं, दोन्ही वेळा तू पुन्हा बसवलंस. मग या वेळी कुलूपच लावून टाकलं."

"आणि मला म्हणालात, पुसून बसव."

"तुला सांगितलं असतं तर तू वाद घातला असतास. बसवून बसवून कंटाळशील, असा हिशेब. आणि मला काय माहीत, त्यात खरंच काही काम होतं म्हणून? वाटलं, दुपारचा विरंगुळा."

विरंगुळा! बाईंनी आत जाऊन स्कूटरचा नंबर टाकला, नवी सिस्टीम वर घेतली, पासवर्ड बदलला. मग चार्जरसकट लॅपटॉप काखोटीला मारून त्या बाहेर आल्या.

"अगं, उद्या सकाळी माझा वर्ग आहे," मास्तर उठून उभे राहिले. "पोरं वाट बघतील."

"दोन गावं पुसली मी, मास्तर. तुमच्या शब्दावर." एवढ्या वर्षांत बाईंनी त्यांना मास्तर म्हणून कधी हाक मारली नव्हती. "तुम्हाला दहा सेकंद जड झाले ना? आता उद्या दुपारपर्यंत थांबा."

त्यांनी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. गावाची पूर्वेकडची बाजू अजून व्हायची होती.