दोन हॉर्न

गाडीने पूल ओलांडला तशी सिस्टरने लसीची पेटी जवळ ओढून घेतली. शेजारी स्टिअरिंगवर तिचे नेहमीचे ड्रायव्हरमामा नव्हते. शर्ट मामांचाच होता, पण आतला माणूस पोलिसांचा होता आणि सीटखाली त्याचं पिस्तूल होतं.

मोठ्या साहेबांच्या बैठकीत कामांची वाटणी झाली होती. पूल बांधकाम खात्याने दुरुस्त करायचा, लसीकरणाची गाडी आरोग्य खात्याने द्यायची, ड्रायव्हर पोलिसांचा, डोंगराला वेढा लष्कराचा. वरच्या वस्तीत एक जखमी बंडखोर लपल्याची खबर होती. सिस्टरच्या वाट्याला आला होता तिचा ओळखीचा चेहरा. बैठकीला तिला कुणी बोलावलं नव्हतं, सकाळी नुसतं कळवलं. नाही म्हणायची सोय नव्हती. घरी अंथरुणाला खिळलेले सासरे होते आणि घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं.

"वर पोचायच्या आधी काही खूण-बिण करता का तुम्ही?" त्याने सहज विचारलं.

खूण होती. शेवटच्या वळणावर मामा दोनदा हॉर्न द्यायचे, की आया पोरांना कडेवर घेऊन बाहेर यायच्या. हॉर्न नाही म्हणजे गाडी आपली नाही, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आज हॉर्न दिला तर सगळी वस्ती याच्या पुढ्यात येऊन उभी राहणार. पळापळ झाली, गोळी सुटली, तर मध्ये सापडणार ती कडेवरची पोरं.

"नाही हो, कसली खूण," ती म्हणाली.

वळण आलं आणि गेलं. वस्तीत चुलींचा धूर होता, पण चिटपाखरू नव्हतं. दारं बंद. तो उतरून घराघरांमधून हिंडला, एकदोन दारं ढकलून पाहिली आणि परत येऊन तिच्यासमोर उभा राहिला. लसीच्या पेटीचा पट्टा ती उगाचच घट्ट करत राहिली.

"सिस्टर, खरं सांगितलंत ना मला?"

"सुया टोचणारी बाई मी. मला बघून पळतातच सगळे."

तो हसला नाही. त्याने गाडी वळवली. पुढे कितीतरी दिवस, दारावर साधी थाप पडली तरी तिला धडकी भरायची.

चौकशी काही झाली नाही. पुढच्या फेरीला मामा परत आले. वळणावर त्यांनी दोनदा हॉर्न दिला आणि सिस्टरचा जीव भांड्यात पडला.

दारं उघडली नाहीत. मामांनी पुन्हा हॉर्न दिला, मग जरा लांबवून दिला. दारांच्या फटींतून त्या दिवशी बायकांनी सगळं पाहिलं होतं: तो माणूस, आणि त्याच्या शेजारी बसून आलेली सिस्टर. हॉर्न तिने वाचवला होता, चेहरा वाचवायचा राहून गेला होता. तिला रडू आलं, पण मामांसमोर ती रडली नाही.

"तुम्ही गाडी पुलापाशी नेऊन थांबा," ती म्हणाली. "मी बसते इथे."

लसीची पेटी मांडीवर घेऊन ती दगडावर बसली. बऱ्याच वेळाने एक दार किलकिलं झालं. दर वेळी नातीला घेऊन सगळ्यांच्या आधी येणारी म्हातारी एकटीच बाहेर आली, पाण्याचं भांडं लांब ठेवून आत गेली आणि तिने कडी लावली.

सिस्टर उठून पाणी प्यायली, तिने भांडं विसळून पालथं घातलं आणि ती पुन्हा दगडावर येऊन बसली. पेटीतल्या बर्फाचं पाणी होत होतं.