वाकडं झाकण

दुपार झाली की काचवाल्याच्या दुकानात उजेड नुसता हिंडत राही. उभ्या काचांवरून घसरायचा, भिंतीवर चढायचा, छताला जाऊन थरथरत बसायचा. काचवाला स्टुलावर डुलक्या काढी. अर्धवट झोपेत त्याला लेक दिसे, लहानपणीची. एका काचेत शिरायची, दुसरीतून बाहेर यायची. डोळे उघडले की समोर फक्त तिचा सरडा.

दाढीवाला, मातकट सरडा. तोंडावर इतक्या सुरकुत्या की सगळे त्याला पणजोबा म्हणत. लेक बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या मंडळीबरोबर गावोगाव जायला निघाली, तेव्हा काचवाला म्हणाला होता, "चांगलं दुकान सोडून वाकडी वाट धरलीस." तिने वाद घातला नाही. पणजोबाची काचेची पेटी टेबलावर ठेवली आणि एवढंच म्हणाली, "सांभाळा. आणि झाकण बदलू नका."

त्यानंतर रविवारी तिचा फोन यायचा. आईशी तासभर खिदळणं आणि बापाला एकच प्रश्न, "पणजोबा कसा आहे?"

"बरा आहे."

संपलं बोलणं. पण तेवढ्यासाठी काचवाला आठवडाभर चातकासारखी वाट बघे. बोलून दाखवेल तर शपथ! बापाचा ताठा होता ना.

आणि आता पणजोबा बरा नव्हता. पाय थरथरत होते, जबडा मऊ पडला होता. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, याची पाण्याच्या वाटीपर्यंतही जाईना. हा गेला तर रविवारी लेक काय विचारणार? कशाला विचारणार?

त्याने दिवा बदलला. खोक्यावर वाळवंट आणि भलाथोरला सूर्य छापलेला आणला. मग त्याहून झगझगीत, निळसर. दुकान उजळून निघालं. पणजोबा जागचा हलला नाही. शेवटी त्याला टॉवेलात गुंडाळून काचवाला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला.

"हाडं ठिसूळ होतायत, काका," बाई म्हणाल्या. "औषध देते. पण याला उन्हातले अतिनील किरण हवेत, आणि ते मिळत नाहीयेत."

"अहो, दिवा बघा माझा! डोळे दिपतात."

"भपक्यावर जाऊ नका. जो किरण हवा तो डोळ्यांना दिसतच नाही. दिवा जुना झाला तरी लखलखत राहतो, आतला किरण मात्र आटलेला असतो. लांब नळीचा दिवा घ्या, पेटीच्या अर्ध्या भागावर पडेल असा. उरलेल्या अर्ध्यात सावली, म्हणजे त्याला नको तेव्हा तो बाजूला होईल. आणि हे यंत्र न्या. किरण मोजतं. त्याचा आकडा खरा."

काचवाल्याने नळी आणली, झाकणाच्या वर टांगली. यंत्र नळीखाली धरलं, आकडा टुणकन वर गेला. पेटीत पणजोबाच्या पाठीशी धरलं, शून्य.

"बिघडलंय मेलं," तो म्हणाला.

त्याने झाकणाची काच पुसली. पुन्हा पुसली. आहे की नाही कळू नये इतकी लख्ख. शून्य. त्याच्या हातची सगळ्यात देखणी काच होती ती. लेक गेली त्याच आठवड्यात बसवलेली. तिने केलेलं झाकण म्हणजे काय, चार काड्यांच्या चौकटीला तारेची जाळी, कोपरे बाहुल्यांच्या दोऱ्यांनी बांधलेले, सगळंच वाकडं. काचवाल्याच्या दुकानात असलं बघवतं का? शिवाय पणजोबाला वारा लागेल, धूळ पडेल. मायाच होती ती. थोडा तोराही होता.

बायको चहा घेऊन आली. "झाकण काढून बघा की."

त्याने काच उचलली. आकडा चढला. काच ठेवली, शून्य. तो लहान मुलासारखा उचलत राहिला, ठेवत राहिला. काचेतून सगळं आरपार जातं, हे तो जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आला होता.

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," बायको म्हणाली.

माळ्यावरून त्याने लेकीचं झाकण काढलं, धूळ झटकली, पेटीवर ठेवलं. जाळीतून उजेडाचे बारीक चौकोन पणजोबाच्या पाठीवर पडले. काचवाला बघत बसला. किती दुपारी तसाच बसला कुणास ठाऊक. झोपेत लेक यायची, चौकोनांवर लंगडी घालायची. औषध चालू होतं, नळीचा दिवा लागलेला होता, आणि एका दुपारी डोळे उघडले तर पणजोबा पेटीतल्या फांदीवर चढून मान वर करून बसलेला.

रविवारी फोन आला. "पणजोबा कसा आहे?"

"बरा आहे" ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं.

"मरता मरता वाचला," तो म्हणाला. "तू नको म्हणालीस तरी मी काचेचं झाकण बसवलं. हवे ते किरण काचेनेच अडवले. आता तुझं झाकण ठेवलंय. तुझं बरोबर होतं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"बाबा, परत म्हणा ना."

त्याने झाकणाच्या कोपऱ्यातल्या दोऱ्याच्या गाठीवर बोट ठेवलं. "तुझं बरोबर होतं गं. तू गेलीस तेसुद्धा. फार आठवण येते तुझी." आणि घाईघाईने म्हणाला, "थांब, कॅमेरा लावतो, पणजोबाला बघ."

"त्याला नंतर," लेक म्हणाली. "आधी तुम्ही दिसा."