फक्त आमच्याकडे

मानसच्या उजव्या हाताचा अंगठा तेवढा उरला होता.

बाकीची बोटं एकेक करून गेली होती. भांडून घर सोडणाऱ्या माणसासारखी नाही, तर बसल्या बैठकीतून पाहुणे उठावेत तशी, हळूच, कोणाच्या लक्षात न येता. स्नायू विरत जाण्याचा हा आजार त्याला जन्मापासूनचा. चोविसाव्या वर्षी त्याच्या ताब्यात मान होती, हनुवटी होती, आवाज होता, आणि तो अंगठा. शमिका, त्याची मोठी बहीण, रोज दुपारी लालबागजवळच्या आपल्या घरून दोन वर्षांच्या श्रियाला स्कूटीवर पुढे उभी करून माहेरी यायची, आणि आल्या आल्या आधी त्या अंगठ्याकडे बघायची. कपाळावर हात ठेवून ताप बघतात ना, तसं.

त्या अंगठ्याखाली एक लाल बटण होतं. राजवाड्याजवळच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा ऋषभ, मानसचा शाळेतला दोस्त, त्याने ते बनवून दिलं होतं. "इतना सॉफ्ट है भिया, मक्खी बैठे तो भी दब जाए," असं तो म्हणाला होता. हनुवटीखाली एक लहानशी दांडी. दांडीने चालायचं, बटणाने बाकी सगळं. एकदा दाबलं की उडी, दाबून धरलं की पकड, दोनदा टकटक केलं की झोळी उघडायची. लोक दोन हातांनी, दहा बोटांनी खेळतात तो गेम मानस एका अंगठ्याने खेळायचा.

ही किमया गेमची नव्हती, दुकानाची होती. मानस दहा वर्षांपासून सगळे गेम एकाच ठिकाणी विकत घ्यायचा. ते दुकान म्हणजे कॉम्प्युटरमध्येच बसलेला एक प्रोग्राम, आणि त्यात सोय अशी, की कुठलंही बटण कुठल्याही कामाला लावून घ्या. बाबांना, म्हणजे अच्युतरावांना, हे समजावताना मानसला घाम फुटला होता. मग बाबाच म्हणाले, "कळलं. म्हणजे आपल्या किराणावाल्यासारखं. माल त्याचा नाही, पण पुडी आपल्याला सोडता येईल अशी बांधून देतो." तेव्हापासून घरात सगळे त्याला दुकानच म्हणत.

आणि मानसचा गेम एकच. 'हिल पोस्ट'. डोंगरातली एक म्हातारी पोस्टवाली, पाठीवर झोळी, झोळीत एक पत्र. ते पत्र दरीपलीकडच्या गावात पोचवायचं. कोणाचं, कोणाला, काही सांगत नाहीत. एका अंगठ्यासाठी त्याची मांडणी बसवायला मानसला चार महिने लागले होते, आणि गेम संपवायला आठ. शेवटी म्हातारी एका तुटलेल्या पुलाशी येऊन थांबते, समोर धुकं, आणि पडद्यावर अक्षरं येतात: पुढील भागात.

त्या पुढील भागाची वाट बघण्यात चार वर्षं गेली. आई गेली, शमिकाचं लग्न झालं, श्रिया झाली. नाकावर मास्क लावून रात्रभर हवा देणारं मशीन घरात आलं, मग ते दिवसाही लागायला लागलं. म्हातारी पुलाशी उभीच होती.

मग जानेवारीत एका दुपारी मानसने हाक मारली, "ताई, लवकर ये! आला!"

श्रियाला भरवता भरवता, हाताला वरणभात तसाच, शमिका धावली. पडद्यावर तोच पूल, तेच धुकं. म्हातारी मागे वळून बघत होती. मानसचा चेहरा लहानपणी लालबागच्या जत्रेत पाळण्यात बसल्यावर व्हायचा तसा झाला होता. जाहिरात संपली आणि शेवटची ओळ आली. दुसऱ्याच एका दुकानाचं चिन्ह, आणि खाली: फक्त आमच्याकडे. बारा महिने.

"म्हणजे?" शमिकाने विचारलं.

"म्हणजे विकत घेतली त्यांनी म्हातारी," मानस म्हणाला. "वर्षभर आपल्या दुकानात येणार नाही."

"मग त्या दुकानातून घेऊ की. त्यात काय एवढं?"

"त्या दुकानात बटणं बदलता येत नाहीत, ताई."

इंटरनेटवर जगभरचे लोक शिव्या घालत होते. कोणी म्हणे मी यांचं दुकान कॉम्प्युटरमध्ये घुसूच देणार नाही, कोणी म्हणे आम्ही वर्षभर थांबू पण झुकणार नाही. आणि त्यांची टर उडवणारेही तितकेच. फुकट तर आहे ते दुकान, एक चिन्ह जास्त ठेवायचं, रडता काय? शमिकाने ते वाचून दाखवलं तेव्हा मानस हसला. "दोघांचंही बरोबर आहे यार. त्यांच्याकडे वर्ष आहे."

फिजिओथेरपीवाल्या बाई दर महिन्याला एका छोट्या यंत्रावर अंगठ्याचा जोर मोजायच्या. आकडा त्या मोठ्याने सांगत नसत. दारापर्यंत पोचवायला आलेल्या शमिकाला चपला घालता घालता सांगत. त्या महिन्यात म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत धरून चला."

"यूट्यूबवर बघशील का?" शमिकाने एकदा चाचरत विचारलं. "लोक पूर्ण गेम खेळून दाखवतात म्हणे."

"दुसऱ्याने पोचवलेलं पत्र मी काय बघायचं?" मानस म्हणाला. विषय तिथे संपला.

त्याच महिन्यात गेम आला, आणि त्या आठवड्यात ऋषभने तोड काढली. नव्या दुकानातून गेम घ्यायचा, पण सुरू करायचा जुन्या दुकानातून. "पुराने वाले की गोद में बिठा के चलाएंगे. उसको पताई नहीं चलेगा," तो म्हणाला. कार्ड बाबांचं, म्हणून खातंही अच्युतरावांच्या नावाने उघडलं. त्यांनी आपली जन्मतारीख, पत्ता, सगळं खरं खरं सांगितलं. इतर लोक अशा ठिकाणी खोटंच काहीतरी टाकतात हे कळल्यावर त्यांना नवल वाटलं होतं.

आणि चाललं. चाळीस मिनिटं चाललं. म्हातारी तुटक्या पुलाच्या पहिल्या फळीवरून दुसरीवर गेली. मानसचा अंगठा लाल बटणावर इतका हलका पडत होता, की शमिकाला फक्त नख हलताना दिसत होतं. बाबा खुर्ची ओढून मागे बसले होते. "ही पडणार तर नाही ना रे?" "पडली तर परत उठते, बाबा." "बरं आहे हिचं," बाबा म्हणाले. श्रिया टाळ्या वाजवत होती. तिसऱ्या फळीवर सगळं थिजलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: बाहेरचा प्रोग्राम आढळला. लबाडीच्या संशयावरून हे खातं बंद केलं आहे. दाद मागायची असल्यास अर्ज करा.

मानसने अक्षरं शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाला, "लबाडी. मी."

ऋषभने फोनवर हसण्यावारी नेलं. "टेंशन मत लो भिया. फॉर्म में पूछेंगे, बाहर का कुछ लगाया था क्या. नो पे टिक मारो, लिख दो अपने आप हुआ, हमको कुछ नी पता. दो दिन में खोल देते हैं, सबका खुलता है."

शमिका फॉर्म उघडून बसली आणि आतल्या खोलीत श्रिया झोपेतून उठून रडायला लागली. "जा तू," बाबा म्हणाले. "मी भरतो. अर्ज भरण्यातच हयात गेली."

ते खरंच होतं. अच्युतरावांचे पणजोबा होळकरांच्या दफ्तरात लिहायला होते, आजोबाही, आणि अच्युतराव स्वतः सरकारी रेकॉर्ड रूममधून निवृत्त झाले. त्या घरात कोणी चोरी केल्याची गोष्ट नव्हती, पण कोणी खोटा कागद केल्याचीही नव्हती, आणि यातली दुसरी गोष्ट जास्त मोठी मानली जायची. अर्जात खोटं लिहिलं की पुढच्या दहा खऱ्या अर्जांची किंमत जाते, असं ते शमिकाला ती शाळेच्या रजेचा अर्ज लिहायची तेव्हापासून सांगत आले होते.

ती श्रियाला खांद्यावर घेऊन बाहेर आली तोवर अर्ज गेला होता.

"काय टाकलंत, बाबा?"

"जे आहे ते," अच्युतराव चष्मा पुसत म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काम चोख झाल्याचं समाधान होतं. "'हो'वर खूण केली. मग खाली सगळं सविस्तर. आजार कोणता, कधीपासून, बटण का लागतं. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र जोडलं. अगं, तिथे बसलेला अधिकारीही माणूसच असतो. खरा अर्ज बघितला की तो वाचतो."

मानसने डोळे मिटले.

अकरा मिनिटांनी उत्तर आलं. आपण बाहेरचा प्रोग्राम वापरल्याचं मान्य केलं आहे. प्रामाणिकपणाबद्दल आभार. खातं कायमचं बंद करण्यात येत आहे. या संगणकावर यापुढे दुसरं खातं चालणार नाही. निर्णय अंतिम आहे.

"अकरा मिनिटांत कोणी वाचलं असेल?" बाबांनी विचारलं. कोणा एकाला उद्देशून नाही, नुसतंच.

"कोणी नाही वाचलं," मानस म्हणाला. त्याचा आवाज मास्कमधून बारीक, चिरलेला येत होता. "तिथे माणूस नसतो, बाबा. तिथे फक्त खूण बघतात. एक खूण होती. एक खोटी खूण नाही करता आली तुम्हाला माझ्यासाठी?"

 अच्युतराव उठून गॅलरीत गेले आणि वाळलेले कपडे काढायला लागले. ओलेही काढले.

ऋषभने आपला कॉम्प्युटर आणून लावला. नव्या दुकानाने तोवर ती पळवाट बुजवली होती. दहा मिनिटांत तोही बंद झाला. चोरीची कॉपी मिळते का, तेही त्याने शोधलं. मिळाली नाही. "सॉरी भिया," तो दारात म्हणाला. शेवट त्याला ठाऊक होता. त्याने स्वतः गेम पूर्ण केला होता आणि पत्र कोणाचं ते त्याच्या जिभेवर आलेलं शमिकाला दिसायचं. तो चहा न घेताच निघायचा.

मग वर्षभर थांबणंच उरलं. बाबांनी टायपिंगवाल्याकडून कंपनीला इंग्रजीत पत्र करून घेतलं, पोचपावतीसह पाठवलं. पावती आली, उत्तर नाही. बापलेकात बोलणं चालू होतं, पण पाणी हवं का, कूस बदलू का, एवढंच. मानस रोज जुनाच गेम उघडायचा, म्हातारीला पुलापर्यंत आणून उभी करायचा. सरावासाठी, म्हणायचा. पावसाळ्यात त्याची दोनदा टकटक एकदाच पडायला लागली. नवरात्रात पकड सुटायला लागली. शमिका पदराआड श्रियाला पाजता पाजता तो अंगठा बघत बसायची. दिवाळीत, नरकचतुर्दशीला, त्याला तेल लावताना तिने अंगठा आपल्या तळहातावर घेतला आणि म्हणाली, "दाब."

"दाबतोय," मानस म्हणाला.

तिने बराच वेळ हात तसाच धरला. मग वाटीतलं तेल संपेपर्यंत त्याच अंगठ्याला तेल लावत राहिली.

जानेवारीत बारा महिने भरले. पुलाच्या चित्राखाली ओळ आली होती: आता सर्वत्र उपलब्ध. शमिकाने न विचारता गेम घेतला. जुन्या दुकानाने लगेच विचारलं, तुमची जुनी मांडणी सापडली आहे, वापरायची? चार महिने खपून बसवलेली ती सगळी मांडणी, जशीच्या तशी. दुकान विसरलं नव्हतं.

इतर उपाय करून झाले होते. आवाजाने करून पाहिलं, तर मशीनच्या हवेच्या घरघरीत कॉम्प्युटरला शब्द लागत नसत. गालाशी बटण लावलं, तर ते मास्कला अडायचं. शमिका म्हणाली, "मी दाबते. तू सांग."

"तू श्रियाकडे बघ," बाबा मागून म्हणाले. त्यांनी खुर्ची मानसच्या उजव्या बाजूला आणली, लाल बटण त्याच्या अंगठ्याखालून काढून आपल्या गुडघ्यावर ठेवलं आणि विचारलं, "कधी दाबायचं?"

वर्षभरात पहिल्यांदा मानसने त्यांच्याकडे नीट बघितलं. "मी हं म्हणेन."

हनुवटी हलली. म्हातारी पहिल्या फळीच्या टोकाला आली.

"हं."

अच्युतरावांनी दाबलं. म्हातारी दरीत पडली.

"हं." पडली. "हं." पडली. दर वेळी जरासाच उशीर. पापणी लवते तेवढा.

"बाबा, तुम्ही आधी ऐकता, मग विचार करता, मग दाबता. मधलं गाळा."

"पन्नास वर्षांची सवय आहे रे," बाबा म्हणाले. "परत म्हण."

"हं."

संध्याकाळपर्यंत म्हातारी पहिल्या फळीवरून दुसरीवर गेली नाही. शमिकाने कणीक मळली, श्रियाला धुतलं, वरण फोडणीला टाकलं, आणि आतून सारखं ते हं, हं ऐकू येत राहिलं, दर वेळी जरा बारीक. मग थांबलं. मानस थकला होता. बोलणंही त्याला आता मोजूनच करावं लागत होतं.

"उद्या?" बाबांनी विचारलं.

"बघू," मानस म्हणाला आणि त्याचा डोळा लागला.

शमिका दिवा लावायला आत आली तेव्हा पडदा बंद होता. बाबा तसेच खुर्चीत बसले होते, लाल बटण गुडघ्यावर. झोपलेल्या मानसच्या ओठांवर त्यांची नजर खिळली होती. श्वासाबरोबर ओठ जरा हलले की त्यांचा अंगठा बटणावर पडत होता. मग ते पुन्हा वाट बघत होते.