आक्कांच्या हातची रांगोळी

"हातात झाडू नाही, बादली नाही, मग सकाळी सकाळी दारात काय पुरलंय हिचं?" आक्कांनी कपबशी आपटली. मुलगा बुटाची नाडी बांधत होता. त्याने मान वर केली नाही. बायकोची बाजू घ्यायची वेळ आली की त्याला नेहमी नाडीच सापडायची.

सुनेचं हे खूळ पावसाळ्यापासूनचं. आक्का उंबऱ्याबाहेर रांगोळी काढून आत आल्या, की ही बाहेर. इकडे दूध उतू गेलं तरी हिला पत्ता नाही. आक्कांचा तर्क पक्का होता: शेजारणीजवळ सासूच्या कागाळ्या, दुसरं काय!

स्वयंपाकघर त्यांनी सुनेला कधीच देऊन टाकलं होतं. दिलं म्हणजे, भाजीत दुसऱ्यांदा मीठ पडलं त्या दिवशी गेलं. मग कपाटाच्या किल्ल्या गेल्या. उरली होती दारातली ही हातभर जागा. तिथे मात्र कुणी बोट लावायचं नाही. शाळा त्यांनी दुसरीतच सोडली, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण ठिपक्यांची ओळ पडायची ती दोरी धरल्यासारखी. चिमटीतून सोडलेली रेघ साऱ्या ठिपक्यांना वळसे घालून, निघाली तिथेच येऊन मिटायची. दूधवाला अजूनही रोज म्हणायचा, "आक्का, हात काय आहे तुमचा!"

"तुझ्या दुधात पाणी असतं, माझ्या रेघेत नसतं," असं ठणकावून आक्का आत वळायच्या, आणि दिवसभर त्या एका वाक्यावर जगायच्या.

"आज बघतेच हिला," म्हणत त्या उठल्या आणि भिंत धरून दाराशी आल्या.

शेजारीण नव्हतीच. सून एकटी उकिडवी बसली होती. एका हातात ओलं फडकं, दुसऱ्यात रांगोळीची वाटी. अर्धीअधिक रांगोळी पुसून झाली होती.

"काय चाललंय हे?"

"काही नाही, आई. माझा पाय लागला, म्हणून..."

"रोज लागतो?"

सुनेने फडकं मुठीत दडवलं.

"कशी असते माझी? खरं सांग. माझ्या गळ्याशपथ."

"एखादी रेघ सुटलेली असते."

"आणि?"

"ठिपके एकावर एक पडतात. कधी रेघ पार पायरीवर जाते." सुनेचा आवाज बारीक झाला. "हेच म्हणाले, आईला कळू देऊ नकोस. मी अगदी तुमच्यासारखीच काढते हो. कुणाला ओळखू येत नाही."

"आणि तो दूधवाला?"

सून फडक्याची घडी घालत राहिली. "त्यालाही यांनीच सांगून ठेवलंय."

आक्का खाली बसल्या. गुडघ्यांनी बराच वेळ घेतला. त्यांनी वाटी ओढून घेतली, चिमूट भरली, आणि फरशीच्या कोरड्या कोपऱ्यात दोन ठिपके टाकून एकापासून दुसऱ्यापर्यंत रेघ सोडली. त्यांना ती सरळ दिसली.

"पोचली?"

"पोचली, आई." उत्तर लगेच आलं. जरा जास्तच लगेच.

आक्कांनी रेघेवर बोट टेकलं आणि पुढे सरकवलं. थोडा वेळ रांगोळी खरखरीत लागली. मग नुसतीच गार फरशी. काळोखात सांडलेली सुई चाचपावी तसं बोट उजवीकडे गेलं, डावीकडे गेलं. ठिपका सापडला तो भलतीकडेच, वीतभर लांब.

"माझा डबा कुठाय?" आतून मुलाची हाक आली. सुनेच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडत होतं.

आक्कांनी बोट पदराला पुसलं.

"रडू नकोस, ओल्या फरशीवर रांगोळी बसत नाही," त्या म्हणाल्या. "खोटं बोलायला शिकलीस, तेही धड नाही. उद्यापासून इथे तू बस. पण तुझं तू काढ, वाकडंतिकडं का होईना. माझ्यासारखं काढलंस तर याद राख. कळू दे साऱ्या गल्लीला, या घरातल्या म्हातारीचा हात गेला."