एक धार इकडे, एक धार तिकडे

साहेबांच्या खोलीतून ती आली, खुर्ची न ओढता उभ्यानेच स्क्रीनवर वाकली आणि वर्षभरात कधी न उघडलेली ओळ उघडली.

पाणीपुरवठ्याच्या या कचेरीत जमिनीखालचे पाइप कुठे गळतात ते शोधणारा प्रोग्राम तिने लिहिला होता. तो रोज चालवून उत्तर साहेबांच्या मेलवर धाडायला म्हणून ही एवढी एक ओळ दादाने लावून दिली होती. दादा म्हणजे मावसभाऊ. नोकरीला चिकटवणारा तोच आणि काम शिकवणाराही तोच. घरच्या माणसाने बांधलेली गाठ कुणी ओढून बघतं का?

साहेब आत्ता शांतपणे म्हणाले होते, "तुझ्याकडून वर्षभर नुसत्या चुकाच येतायत. कायम कसं करू? तुझा दादा बघ, रोज गळत्या शोधून देतो."

प्रोग्रामला तोंडं दोन. एकातून उत्तर बाहेर पडतं, दुसऱ्यातून कुरकुर: अमका मीटर बोलत नाही, तमकी फाइल सापडत नाही. कोणतं तोंड कुठे वळवायचं, ते ओळ लावणारा ठरवतो. दादाने कुरकुर तेवढी साहेबांकडे वळवली होती. उत्तराला मात्र 'टी' बसवली होती.

"टी म्हणजे चहा नव्हे गं," पहिल्याच दिवशी त्याने हसत शिकवलं होतं. "नळाची टी. एक धार इकडे, तीच धार तिकडे."

इकडची धार तिच्या स्क्रीनवर पडत होती, म्हणून तिला कधी शंका आली नाही. तिकडची दादाच्या फोल्डरमध्ये, आणि तिथून त्याच्या नावाने साहेबांकडे. काम मोठं सफाईचं होतं; थेंब सांडला नव्हता. शहरभरच्या गळत्या हुडकणारी बाई गळतीवरच खुर्ची टाकून बसली होती.

"काय बघतेस?" दादा मागे येऊन उभा राहिला होता.

"तू लावलेली ओळ."

त्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला.

"ते तात्पुरतं होतं गं. माझी बढती झाली की सरळ करणार होतो."

"मला घरी बसवायच्या आधी की नंतर?"

तो काच पुसत राहिला. "आईला बोलू नकोस. तिला तुझं फार कौतुक आहे."

"मावशीला कशाला सांगू? मला शिकवलंयस तू."

ती आता बसली. दादाचा फाटा तिने तोडला नाही. त्याच टीला आणखी एक फाटा काढून साहेबांच्या मेलला जोडला, आणि उत्तराच्या डोक्यावर स्वतःचं नाव टाकलं. शिकवलेलं सगळं बोटांना नीट आठवत होतं, याचाच तिला राग आला.

"चल, खाली चहा घेऊ," दादा म्हणाला. "मी पाजतो."

"नको. आज टी माझ्याकडून," ती म्हणाली आणि तिने एंटर दाबलं.

आतल्या खोलीत साहेबांचा कॉम्प्युटर टुणकन वाजला. दादा अजून चष्माच पुसत होता.