सोमवारचं करंजतेल

“आप्पा, रिकामी बाटली काय हालवून राहिलाव? एक दिवस जुंपा की बैल! महादेव काय फाशी देनार हाय?” शेजारची चांगुणा दारातूनच ओरडली आणि पदर खोचत घरी गेली.

शंकरप्पानं बाटली कोनाड्यात ठेवून दिली. उदगीरच्या त्या गल्लीत तेलाचा घाणा त्याचा एकट्याचाच उरला होता. वडिलांपासून घराचा शिरस्ता होता, की सोमवार महादेवाचा, त्या दिवशी बसवण्णाच्या, म्हणजे बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही. तो कधी मोडला नव्हता.

पण आत त्याची बायको महानंदा पडली होती. अर्धांगवायूनं तिचं उजवं अंग गेलं, तेव्हापासून तो सकाळ-संध्याकाळ तिच्या पाठीला करंजाचं तेल चोळायचा. जिल्हा नवा झाला होता, दुष्काळ मात्र जुनाच. टँकरचं पाणी प्यायला पुरेना, तिथं आंघोळ कुठली? त्या कडवट वासाच्या तेलानंच तिची कातडी मऊ राहिली होती. ना खाज, ना भेग. दुकानातलं सुवासिक तेल एकदा लावून पाहिलं, तर अंगभर पुरळ उठलं.

आणि चूक त्याचीच! काल रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाया फुटलेले हात घेऊन दारात आल्या. त्याचा जीव कळवळला. होतं नव्हतं ते तेल त्यांच्या तळव्यांवर ओतलं. उद्या सोमवार, हे ध्यानातच आलं नाही. आज सकाळी कूस वळवताना बघतो तर महानंदेची पाठ लालबुंद. चांगुणेची सासू अशीच, पाठीची कातडी फुटून, महिनाभरात गेली होती.

“महानंदे, जुंपू का गं बैल?”

“खबरदार!” जड जिभेनं ती म्हणाली. “माज्या कातड्यापायी बसवण्णाच्या मानंवर जू? मेले तरी चालंल.”

“मरायचं नाव काढू नगंस.”

तो परसात आला. बैल दावणीला चिपाडं चघळत होता. शंकरप्पानं करंजाच्या बिया घाण्यात ओतल्या आणि जू उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतलं. सत्तरीचा गडी तो! पहिल्याच फेऱ्याला डोळ्यांपुढं काजवे चमकले. तरी घाणा करकरत राहिला. दुपार कलली तेव्हा कुठं वाटीभर तेल निघालं.

तो आत गेला, तर महानंदेनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

“घान्याचा आवाज आयकला म्या. मोडलाव न्हवं सोमवार? हात लावू नका मला.”

“अगं, बैल...” त्याला दम लागला होता, पुढं बोलवेना. तिला वळवायला तो वाकला, तसा सदऱ्याचा गळा सरकला. खांद्याची सालटी निघाली होती, रक्त साकळलं होतं.

महानंदेची नजर तिथं गेली.

“आवं, हे काय करून घेतलाव!” तिला रडूच फुटलं.

“कायबी न्हाई. पाठ कर इकडं.”

“आधी तुमी बसा.”

“तेल थोडंच हाय गं.”

“बसा म्हनलं ना!”

तो खाटेच्या कडेला टेकला. तिनं डाव्या हाताची बोटं वाटीत बुडवली आणि त्याच्या खांद्यावर हळूहळू तेल जिरवू लागली. अंथरुणाला खिळल्यापासून घरातलं हे तिचं पहिलंच काम होतं.